आमच्यासोबत जेवायला बसलात, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा लेक कॉलेजातून आली आणि दप्तर टाकत म्हणाली, "आई, भूक लागलीये, काय आहे?" ॲनोरेक्सियाने, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजाराने, जेवण टाकलेल्या पोरीच्या तोंडून हे ऐकलं आणि तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना.

तुमच्याआधी आम्ही बरेच उंबरे झिजवले. पाळी थांबली म्हणून एकांना दाखवलं, तर वजन बघून तिलाच शाबासकी: "छान मेंटेन केलंयस!" दुसरीकडे "लाडावून ठेवलीत" हे ऐकलं. कॅलरी मोजून मोजून वाळलेल्या पोरीच्या हाती एकांनी कॅलरींचाच तक्ता दिला. भर मे महिन्यात ती स्वेटर घालून बसायची, ते कुणालाच दिसलं नाही.

तुम्ही आधी तिची नाडी पाहिलीत. मग आम्हा दोघांना म्हणालात, "हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही, पण बरा करायला तुम्हीच लागणार." लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आलेली ही पद्धत. आधी ताट आईबापांनी वाढायचं, वजन सावरलं की हळूहळू तिच्यावर सोपवायचं. रात्रभर रेसिपींचे व्हिडिओ बघते आणि घास मात्र खात नाही, हे कोडंही तुम्हीच सोडवलंत. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तर तेही पाककृतींची पुस्तकं चाळू लागले, चिडचिडे झाले, गारठले. ते ऐकून ती ढसाढसा रडली. आपण वेड्या नाही, हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

पण माझ्या मनात घर करून राहिलाय तो तुमचा डबा. आम्हाला घरचं जेवण घेऊन बोलावलं होतंत. ती पोळीवरचं तूप कागदाने टिपत होती, भात ताटाच्या कडेला सारत होती. तुम्ही उठलात, स्वतःचा डबा आणलात आणि खुर्ची ओढून आमच्यात बसलात. भेंडीची भाजी, पोळी, लोणचं. तिच्या ताटाकडे एकदाही पाहिलं नाहीत. तिच्या मांजराची चौकशी करत जेवत राहिलात आणि मला हळूच म्हणालात, "आई, अजून अर्धी पोळी वाढा." ती अर्धी पोळी संपेपर्यंत तुम्ही जागच्या हलला नाहीत. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण त्यांच्यातलंही कुणी कुरकुरलं नाही. शिकलेली माणसं खूप भेटली, मॅडम. आपल्या पोरीसाठी थांबणारी माणसं तिथे भेटली.

सगळं संपलेलं नाही. कपडे घेताना अजून रडारड होते. पण संध्याकाळचं खाणं आता ती स्वतः ठरवते.

हे चारचौघांत लिहितेय ते दुसऱ्या आयांसाठी. पोरगी रोज "बाहेर खाऊन आले" म्हणत असेल, पाळी चुकत असेल, हात गार पडत असतील, तर नखरे म्हणून सोडून देऊ नका. लगेच मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

तुमची ऋणी,
एक आई