माझ्या भाकरीचा विचार करणाऱ्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

१२ ऑक्टोबर हा जागतिक संधिवात दिन. या दिवशी औषधांबद्दल, रक्ताच्या तपासण्यांबद्दल पुष्कळ बोललं जातं आणि ते हवंच. पण ओट्यापाशी उभं राहून रोज दोन वेळचं रांधणाऱ्या हातांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हे आभाराचं पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांपुढे ठेवते आहे. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं दुखणं सांभाळून कशी करायची हे शिकवणारी उपचारपद्धती, नावाची गोष्ट असते, त्यातलं माणूस आपल्या दुखऱ्या हातांसाठी इतकं करू शकतं, हे आमच्यासारख्या कितीतरी बायकांपर्यंत पोचलेलंच नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तुमच्या विभागाचं नाव लिहिलं तेव्हा मीही ते पहिल्यांदाच वाचत होते.

वाचणाऱ्यांसाठी आधी सांगते. माझा संधिवात वयानुसार गुडघे झिजतात तो नव्हे. हा रुमॅटॉइड. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. ते अस्तर सुजतं, आणि वेळीच आवर घातला नाही तर हाडं आणि सांधे धरून ठेवणारे बंध दोन्ही खराब करतं. तो तिशी-चाळिशीतही होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट अधिक होतो. बोटांच्या मुळाशी, मधल्या पेरांत आणि मनगटात तो ठाण मांडतो. सकाळी हात तासतासभर उघडत नाहीत. आणि आमच्या सोलापूरकडे सकाळ म्हणजे भाकरी.

त्या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. आंबट सोड, वांगं सोड, बटाटा सोड. आणि घरातल्यांचा अगदी मायेचा सल्ला, "आता तू स्वयंपाकच सोड." तो सगळ्यांत जास्त लागला. पंचवीस वर्षं ज्या ओट्यावर माझा शब्द चालला, तिथे मी खुर्चीवर बसून दुसऱ्याला मिठाचा डबा दाखवायचा, ही कल्पनाच सहन होत नव्हती.

तुम्ही मात्र "सोडा" हा शब्द एकदाही काढला नाहीत. पहिल्या दिवशी हात बघण्याआधी तुम्ही विचारलंत, "उठल्यापासून ताटं वाढेपर्यंत काय काय करता? क्रमाने सांगा." मी सांगत गेले, तुम्ही लिहून घेत गेलात. मग म्हणालात, पुढच्या वेळी येताना पोळपाट, लाटणं, सुरी, सांडशी आणि एक घट्ट झाकणाची बरणी घेऊन या. दवाखान्यात पिशवीतून लाटणं नेताना मला संकोच वाटला होता. पण त्या टेबलावर तुम्ही मला एकेक काम करायला लावलंत, आणि माझ्या हातांकडे इतकं लक्ष देऊन तोवर कुणीही पाहिलं नव्हतं. बरणी उघडताना, सांडशीने पातेलं धरताना माझी बोटं करंगळीच्या बाजूला कशी कलतात, ते तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. आवळून धरलं की बोटांच्या मुळांवर वस्तूच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो, आधीच सैल झालेले बंध त्याने आणखी ताणले जातात आणि बोटं हळूहळू वाकडी होत जातात, हे तुम्ही कागदावर हात काढून समजावलंत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की प्रश्न स्वयंपाकाचा नाही, पकडीचा आहे.

मग तुम्ही एक सूत्र दिलंत: बोटांचं काम तळव्याला द्या, तळव्याचं मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताला, हाताचं खांद्याला. पिशवी बोटांत न लटकवता कोपराजवळ अडकवायची. बरणीखाली रबरी जाळी अंथरायची, झाकणावर अख्खा तळवा ठेवायचा आणि जोर खांद्यातून लावायचा. पातेल्यात पाणी भरून ते शेगडीपर्यंत उचलून न्यायचं नाही. रिकामं पातेलं आधी शेगडीवर ठेवायचं आणि लहान तांब्याने पाणी ओतायचं. बटाटे किंवा शेवग्याच्या शेंगा उकडायच्या तर चाळणीत घालून ती चाळणच पातेल्यात बसवायची, म्हणजे नंतर नुसती चाळण उचलली की गरम पाणी खालीच राहतं. फडका पिळायचा नाही, सिंकच्या उतारावर पसरून तळव्याने दाबायचा. यातल्या एकाही गोष्टीला फारसे पैसे पडत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे.

सुरुवातीला पैसे पडले तेही थोडे. एसीच्या पाइपावर चढवतात तो काळा फोम तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातून आणायला सांगितलात. त्याचे तुकडे डाव, झारा, उलथणं, सोलाणं, अगदी टूथब्रशवरसुद्धा चढवले. मूठ जाड झाली की बोटं पुरती मिटावी लागत नाहीत, ताण तिथेच कमी होतो. आमच्या ह्यांनी एका संध्याकाळी बसून सगळ्या मुठी करून दिल्या. पुढे कणीक मळायला फूड प्रोसेसर घेतला, लायटरचा खटका दाबायला नको म्हणून आपोआप पेटणारी शेगडी घेतली, आणि फिरकीच्या नळांच्या जागी दांडीचे नळ आले, मनगटाने ढकलले तरी चालू होणारे.

पण खरी गोष्ट भाकरीची. ज्वारीचं पीठ मळायचं म्हणजे तळहाताच्या खालच्या भागाने परातीत रगडायचं, मनगट मागे दुमडून अंगाचं वजन त्यावर टाकायचं. थापताना बोटांनी कडा सारख्या करत भाकरी फिरवायची. माझ्या मनगटाला यातलं काहीच झेपत नव्हतं, आणि तुम्हीही प्रामाणिकपणे म्हणालात की याला माझ्याकडे तयार उत्तर नाही, आपण दोघी शोधू. मग तुम्हीच विचारलंत, "उकड काढून केली तर?" उकळत्या पाण्यात मीठ आणि पीठ, झाकण ठेवून वाफ, आणि कोमट झालं की मळायचं. उकडीचं पीठ लोण्यासारखं मऊ होतं, त्याला रगडावं लागत नाही आणि त्याची भाकरी लाटताही येते. सकाळच्या आखडलेल्या बोटांना ती कोमट उकड बरी वाटते, ते वेगळंच. लाटणं मुठीत न आवळता उघड्या तळव्यांखाली फिरवायचं, हे तुम्ही माझे हात हातात घेऊन शिकवलंत.

सासूबाईंना हे पटेना. लाटलेली भाकरी ही भाकरीच नव्हे, असं त्यांचं ठाम मत. ऐंशी वर्षांच्या बाईचं मत, त्यात त्यांचा काही दोष नाही. तुम्ही त्यांना एकदा सोबत आणायला सांगितलंत. त्यांना उपदेश केला नाहीत. त्यांना विचारलंत, "आजी, उकड किती घट्ट ठेवायची म्हणजे भाकरी फुगेल?" त्या दिवसापासून उकडीचं पाणी सासूबाई मोजून देतात आणि लाटलेल्या भाकरीला त्यांनी नावं ठेवलेली मला आठवत नाही. माझ्या घरातलं माझं स्थान तुम्ही असं, घरातल्या कुणालाही न दुखावता, माझ्याकडे परत दिलंत.

काही सकाळी तेही जमत नाही. आजार उसळतो, हात हलत नाहीत. त्या दिवसांसाठी तुम्ही सांगितलंत की कडक भाकरी आणून ठेवा. आमच्या गावात ती हवी तिथे मिळते आणि कितीतरी दिवस टिकते. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, झालं जेवण. काम संपल्यावर दोन तासांनंतरही जास्तीचं दुखत राहिलं तर दुसऱ्या दिवशी ते काम कमी करायचं, हा तुमचा नियम आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मुलगा येऊन विचारतो, "आई, दोन तास झाले का?" आणि तुमच्या युक्त्या औषधांच्या जागी नाहीत, हेही तुम्ही दर भेटीत बजावत आलात. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी ठरलेल्या वारीच घेतली ना, हे तुम्ही न चुकता विचारता.

तुमच्या टेबलामागच्या भिंतीवर कमलाबाई निंबकरांचा फोटो आहे. जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी झालेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा सुरू केली, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तुमच्या आवाजातला अभिमान ऐकू आला. त्या शाळेला सत्तर वर्षं उलटून गेली, तरी गावागावांतल्या बायका अजून पिळलेल्या फडक्यासोबत आपली मनगटं झिजवत आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तुमच्यासारखं कुणीतरी असायला हवं.

दिवाळी तोंडावर आहे. यंदा भाजणी मी स्वतः भाजणार, लांब दांड्याच्या उलथण्याने, उंच स्टुलावर बसून, दोन दिवसांत थोडी थोडी. चकलीचा सोऱ्या मुलगा फिरवेल, कारण ती फिरकी माझ्या हातांसाठी नाही आणि हे म्हणताना मला आता कमीपणा वाटत नाही. पुरणही पुरणयंत्राऐवजी प्रोसेसरमध्येच होईल.

एक विनंती आहे. आमच्या भागातल्या महिला मंडळात हात दुखणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. काहींनी तर अजून डॉक्टरांनाही दाखवलेलं नाही, त्यांना आधी तिकडे पाठवणं हे माझं काम. दिवाळीनंतर एखादा रविवार तुम्ही आम्हाला द्याल का? परात, पोळपाट, बरण्या, सांडश्या ज्याच्या त्या आणतील. फोम किती लागेल तेवढं कळवा, मी दुकानातून आणून ठेवते.

तुमची कृतज्ञ,
सोलापूरची एक पेशंट