पिनबॉल दुरुस्तीचा अंदाज लेखी हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिकागो परिसरातील आमच्या ओळखीच्या काही मराठी घरांच्या तळघरांत जुनी पिनबॉल यंत्रे (काचेखालच्या उतरत्या फळीवर धातूचा चेंडू टोलवून गुण मिळवण्याचा खेळ) आली आहेत आणि ती बिघडली की खर्चावरून मालक आणि कारागीर यांच्यात खटके उडतात. या कुरबुरींचे मूळ माझ्या मते दरात नाही. नेमके कोणते काम ठरले होते, हे कोणीच लिहून ठेवत नाही, हे त्याचे खरे कारण आहे.

शिकागो हे या यंत्रांचे माहेरघर. गॉटलीबने १९४७ साली ‘हम्प्टी डम्प्टी’मध्ये पहिल्यांदा फ्लिपर (बटण दाबल्यावर चेंडू टोलवणारे छोटे दांडे) बसवले ते इथेच, आणि बॅली व विल्यम्स याही इथल्याच कंपन्या. विल्यम्सने १९९९ मध्ये पिनबॉलचे उत्पादन थांबवले. त्यामुळे आज काही सुटे भाग नव्याने तयार मिळतात, तर काही दुसऱ्या मोडीत निघालेल्या यंत्रातूनच काढावे लागतात.

‘यंत्र नीट करून द्या’ या एका वाक्यात तीन निरनिराळी कामे दडलेली असतात. बिघाड शोधून काढणे हे तासांच्या मजुरीचे काम आहे. ओव्हरहॉलिंगमध्ये प्लेफील्डवरचे, म्हणजे चेंडू खेळतो त्या फळीवरचे, सगळे सुटे करून साफसफाई करणे, रबरी कड्या बदलणे आणि फ्लिपरची झिजलेली यंत्रणा नवी करणे येते. जीर्णोद्धारात पेटीची रंगरंगोटी आणि प्लेफील्डच्या चित्रांची डागडुजीही येते, आणि तो खर्च सहज काही हजार डॉलरांवर जातो. (मूळ रंग थोडा उडाला असला तरी तो राखावा, चकचकीत थर देऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे, पण निर्णय मालकाचा.)

फोनवर सांगितलेल्या तक्रारीवरून दर ठरवणे किती फसवे असते, याचे उदाहरण देतो. विल्यम्सच्या १९९० च्या दशकातील यंत्रांत मुख्य इलेक्ट्रॉनिक बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात. ते वर्षानुवर्षे तसेच राहिले की पाझरतात आणि त्यांतून निघालेला क्षार खालच्या तांब्याच्या रेषा आणि चिपचे पाय खाऊन टाकतो. मालकाला दिसते एवढेच, की दोन-तीन टार्गेटना चेंडू लागूनही गुण मिळत नाहीत. प्रत्यक्षात बोर्ड काढून, क्षार निपटून, सॉकेट बदलून, तुटलेल्या रेषा तारेने जोडाव्या लागतात. म्हणून तपासणीचे शुल्क वेगळे द्यावे आणि पक्का अंदाज त्यानंतरच मागावा.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या यंत्रांत तर बोर्डच नसतात. रिले (विजेने चालणारे स्विच) आणि गुणांची चाके शेकडो संपर्कपट्ट्यांवर चालतात. त्या घासून, वाकवून, मधले अंतर साधण्यात तासन् तास जातात, आणि बिलात सुट्या भागांची रक्कम जवळजवळ शून्य दिसते. त्यावरून कारागिराला लबाड ठरवणे अन्यायाचे आहे. उलट, काम सुरू झाल्यावर नवा बिघाड सापडला तर मालकाला विचारल्याशिवाय खर्च वाढवायचा नाही आणि काढलेले जुने भाग परत द्यायचे, या अटी कारागिराने आधीच मान्य करायला हव्यात. शंभर किलोहून जड यंत्र तळघरातून वर काढण्याची मजुरी कोणाकडे, हेही त्याच कागदावर यावे.

भारतात परतताना यंत्र सोबत नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विल्यम्सच्या १९९० च्या दशकातील त्या यंत्रांत ट्रान्सफॉर्मरच्या जोडण्या बदलून २३० व्होल्ट घेण्याची सोय असते. फार जुन्या यंत्रांना बहुधा वेगळा स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लागतो. हे काम अंदाजात धरले आहे की नाही, हे यंत्र खोक्यात बंद होण्याआधी विचारून घ्यावे.

आपला,
एक वाचक, शिकागो