फिशटँकचा पंप पावसाळ्याआधी उघडा

संपादक महोदय,

वळवाचे दिवस आले की वीज दिवसातून दोन-तीनदा जाते-येते आणि खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमधले मासे नेमके तेव्हाच मरतात. खापर विजेवर फुटते. वीज अर्ध्या तासात आलेली असते. सुरू झालेला नसतो तो पाणी खेळवणारा पंप. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच गोड्या पाण्याच्या मानाने जवळपास पाचवा भाग कमी विरघळतो, त्यात मे महिन्याचा उकाडा. दवाखाने, हॉटेले, ऑफिसे यांच्या टाक्यांची वर्षाची कंत्राटे दिली जातात, पण त्यात काच घासणे आणि पाणी बदलणे एवढेच. पंप उघडायचे कुणी लिहीत नाही.

पोवळी ठेवलेल्या टाकीत कॅल्शियम मुद्दाम वाढवलेले असते. पाणी तापले की चुना सुटतो आणि पंपातला इम्पेलर (चुंबकाला पाती जोडलेला फिरता भाग) फिरतो ती जागा कायम गरम. गीझरच्या कॉइलवर बसतो तसला थर तिथे चुंबकावर चढतो. फिरता पंप तरीही फिरत राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. घरच्या विजेवर (एसी) थेट चालणाऱ्या साध्या पंपाला सुटतानाचा जोर मात्र फार थोडा. चुंबक आधी जागच्या जागी पुढेमागे थरथरतो, मग वेग पकडतो. त्यासाठीच बऱ्याच पंपांत चुंबक आणि पाती यांच्यात थोडा ‘खेळ’ ठेवलेला असतो. चुन्याने तो आवळला की पंप नुसता घूं करतो आणि तापतो. (हा खेळ बिघाड समजून पाती चिकटवून टाकणारे महाभागही आहेत!)

दर तीन महिन्यांनी पंप काढावा, पोवळ्यांची टाकी असेल तर दोन महिन्यांनी. पाण्यात हात घालण्याआधी टाकीतल्या सगळ्या उपकरणांचे प्लग काढायचे. नुसते बटण बंद करून भागत नाही. बादलीत एक लिटर पाण्याला ५०-६० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात पंप बुडेल एवढे पाणी करावे आणि अर्धा तास पंप तिथेच चालवावा. बुडबुडे थांबले तरी पांढरा थर उरला असेल, तर आम्ल संपले आहे, द्रावण बदला. लिंबूसत्त्व नसेल तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे, वेळ मात्र जास्त लागतो. यात ब्लीच कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन सुटतो.

मग झाकण उघडून इम्पेलर सरळ वर ओढावा, तिरपा नाही. आतला सिरॅमिक शाफ्ट (इम्पेलर ज्याच्यावर फिरतो ती दांडी) पेन्सिलीच्या शिशासारखा कडक आणि तितकाच ठिसूळ असतो. टूथब्रशने चुंबक आणि बाटलीच्या बारीक ब्रशने आतली पोकळी घासा. सुरी, स्क्रूड्रायव्हर लावू नका. चुंबक कुठे फुगलेला वा तांबूस दिसला तर वेष्टण फुटून आत गंज धरला आहे. असा इम्पेलर परत टाकीत जाता कामा नये. शाफ्टच्या दोन्ही टोकांची रबरी बुशे परत बसली का पाहा. एक बादलीत राहून जाते आणि मग पंप खडखडतो. झाकणाच्या ओ-रिंगला (रबरी कड्याला) तेल-ग्रीस नको, गोड्या पाण्याने धुतली की पुरे.

आता खरी परीक्षा. स्वच्छ पाण्याच्या बादलीत पंप पाच वेळा बंद-चालू करा, मध्ये दहा-दहा सेकंद थांबून. एकदाही टिचकी मारावी लागली तर काम झालेले नाही.

खाली सम्प (जिथून पंप पाणी वर चढवतो ती दुसरी टाकी) असेल तर वीज गेल्यावर वरचे पाणी पाइपातून उलटे खाली येते. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर विसंबू नये, त्यातही चुना बसतो. परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत पाडलेले हवेचे भोक टाचणीने मोकळे करावे, त्यातून हवा शिरली की उलटा ओघ तुटतो, नाहीतर सकाळी फरशीवर तळे. वायर प्लगकडे जाताना खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळलेले खारे पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही. तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) हवाच.

कंत्राट देणाऱ्यांनी त्यात ‘पंप उघडून साफ करणे व समोर पाच वेळा सुरू करून दाखवणे’ एवढी ओळ घालून घ्यावी. शिवाय त्याच मॉडेलचा एक जादा इम्पेलर, शाफ्ट आणि बुशांसकट, टाकीखालच्या कपाटात ठेवावा. रविवारी रात्री दुकाने उघडी नसतात.

– समुद्री टाक्यांची देखभाल करणारा एक वाचक, ठाणे