आईच्या आजाराबद्दल आणि तुझ्या गोळ्यांबद्दल

रामबाग, इंदूर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रोजच्या गोळ्यांची यादी वाचून दाखवलीस. बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन ई, सेलेनियम, लसणाच्या कॅप्सूल, शिवाय रिकाम्या पोटी पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिड कमी करणारी गोळी. आईला झालं ते आपल्याला होऊ नये, या भीतीनं हे चालू आहे, ते मला कळतं. तिच्या जठराच्या कॅन्सरनंतर ताईही याच विचारात असते. पण या सगळ्याच्या आधी करायची गोष्ट तू अजून केलेली नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसलो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू तुझ्या पोटात आहे की नाही, ते तपासून घे.

मी औषधांच्या दुकानात बसायला लागलो तेव्हा अल्सर म्हणजे तिखट आणि टेन्शन, असंच सगळे धरून चालत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये वॉरन आणि मार्शल यांनी 1982 साली हा जंतू वाढवून दाखवला. कुणी विश्वास ठेवेना, म्हणून 1984 मध्ये मार्शल स्वतः तो प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याआधीच, 1994 साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या जंतूला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातलं होतं.

आपल्या देशात हा जंतू घरोघर सापडतो आणि बहुतेकांना त्यातून कॅन्सर होत नाही. मग तुझ्यामागे का लागतोय? कारण तू तिचा मुलगा आहेस. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झाला आणि ज्यांच्या पोटात हा जंतू होता, अशा माणसांवर कोरियात एक चाचणी झाली. निकाल 2020 मध्ये आला. सुमारे नऊ वर्षांत, औषध दिलेल्यांपैकी 1.2 टक्के लोकांना कॅन्सर झाला आणि नुसती खोटी गोळी दिलेल्यांपैकी 2.7 टक्के लोकांना. ज्यांचा जंतू खरोखर नाहीसा झाला, त्यांच्यात तर कॅन्सर आणखी कमी होता. एवढं ठोस काम तुझ्या कपाटातल्या एकाही बाटलीनं केलेलं नाही.

व्हिटॅमिनचा काहीच उपयोग नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. चीनच्या शानडोंग प्रांतात 1995 पासून तीन हजारांवर लोकांवर प्रयोग झाला. जंतू मारण्यासाठी दोन आठवडे ॲमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करणारं ओमेप्राझोल घेतलेल्यांत बावीस वर्षांनी कॅन्सर निम्म्यानं कमी दिसला. व्हिटॅमिन सी, ई आणि सेलेनियम सात वर्षं घेणाऱ्यांतही घट दिसली. लसणानं या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले, पण कॅन्सर होण्याच्या प्रमाणात खात्रीचा फरक पडला नाही. पण तो जठराच्या कॅन्सरचं प्रमाण फार मोठं असलेला ग्रामीण भाग. तिथला निकाल तुझ्या ताटाला जसाच्या तसा कसा लावायचा? सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

बीटा कॅरोटीनची बाटली मात्र आजच बंद कर, बाळा. तू सिगारेट ओढतोस. फिनलंडमध्ये 29 हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेल्या चाचणीत या गोळीनं फुप्फुसाचा कॅन्सर कमी तर झाला नाहीच, उलट 18 टक्क्यांनी वाढला. हे 1994 सालीच छापून आलंय. आणि सिगारेट सुटली तर जठराचाही धोका कमी होतो. बाटल्यांवर घालवतोस तो पैसा नि ती चिकाटी तिकडे लाव. हे मी रागानं लिहीत नाही, मला तू हवा आहेस म्हणून लिहितोय.

ॲस्पिरिनबद्दल विचारलं होतंस. एवढ्यासाठी ते सुरू करू नकोस, पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका अंगावर येतो. पॅन्टोप्राझोल तर तू कुणालाही न विचारता घेतोयस. आत काही बिघडत असेल तर ते दुखणं झाकून ठेवतं आणि तपासणीचा निकालही चुकवतं. म्हणून श्वासाची किंवा शौचाची तपासणी करण्याआधी दोन आठवडे ते थांबवावं लागतं, अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे. डॉक्टरांना विचारून थांबव.

जंतू निघाला तर चौदा दिवस, दिवसातून अनेक वेळा गोळ्या घ्याव्या लागतील. तोंड कडू होईल, त्यात बिस्मथ हे औषध असेल तर शौच काळी होईल, त्याला घाबरू नकोस. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक असेल तर दारू अजिबात नाही. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून कोर्स सोडणारी माणसं मी काउंटरवर कितीतरी पाहिली. अर्धवट कोर्सनं जंतू औषधाला दाद देईनासा होतो. संपल्यावर किमान चार आठवड्यांनी परत तपास, तो गेला याची खात्री हवी. एन्डोस्कोपी लागेल का, ते पोटविकारतज्ज्ञ सांगतील. आईच्या बायोप्सीचे कागद मी पाठवतो, ते त्यांना दाखव. आणि कधी गोळ्यांशिवाय शौच काळी झाली, वजन उतरलं किंवा अंगात रक्त कमी असल्याचं निघालं, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नकोस.

इथून शेव आणि जिरावण मसाला मागवतोस, ते पाठवीन, पण थोडं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खारवलेलं नेहमी खाल्लं की जठराच्या अस्तराला इजा होते. ताजी फळं-भाजी खा, त्याला कॅप्सूल कशाला?

ताईची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तुझी कधी ठरते, ते या रविवारी कळव.

तुझे
बाबा