आयसोनियाझिडला दाद न देणारा टीबी : रिपोर्टवरची ती ओळ वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२४ मार्चच्या क्षयरोग दिनानिमित्त आपण छापलेला लेख वाचला. रुग्ण गोळ्या अर्धवट सोडतात म्हणून जंतू औषधाला दाद देत नाही, एवढं एकच कारण त्यात आहे. थुंकीचे नमुने तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे यावर गप्प राहवत नाही. कित्येकांना असा जंतू दुसऱ्याकडून तसाच लागलेला असतो. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीचा नमुना माझ्या लक्षात राहिला आहे. तिने टीबीची एकही गोळी कधी घेतली नव्हती, तरी तिच्या जंतूवर आयसोनियाझिड हे टीबीचं मुख्य औषध चालत नव्हतं. आणि घरचे मात्र तिलाच बोल लावत होते. अशा घरांमध्ये आपलं वर्तमानपत्र जातं, म्हणून हे पत्र.

या जंतूचं बळ त्याच्या आवरणात आहे. स्लाइडवर कार्बोल फ्युक्सिन हा लाल रंग ओतायचा, खालून वाफ येईपर्यंत तापवायचं, मग २५ टक्के गंधकाम्ल. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, याचा उतरत नाही. मेथिलीन ब्लूच्या निळ्यात त्या बारीक लाल काड्या दिसतात, त्या मायकोलिक आम्लांमुळे. ६० ते ९० कार्बनची ही लांबलचक मेदाम्लं बनवणं जंतूला फार महाग पडतं. म्हणून ती बनवणारी जनुकं किती वाचायची, यावर त्याची करडी नजर असते. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातल्या संशोधकांनी यावर सुंदर काम केलं आहे. फासआर नावाचं प्रथिन पहिल्या टप्प्याच्या जनुकाला चालना देतं. तयार झालेल्या लांब साखळ्या साठल्या की त्याच कोएन्झाइम-ए या वाहक रेणूला जोडलेल्या रूपात फासआरला चिकटतात, ते डीएनएवरून सुटतं आणि निर्मिती मंदावते. साखळी पुढे वाढवणाऱ्या दुसऱ्या टप्प्यावर माबआर या वेगळ्या प्रथिनाचं नियंत्रण आहे.

१९५२ पासून वापरात असलेलं आयसोनियाझिड याच दुसऱ्या टप्प्यावर घाव घालतं. गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रियच असते. जंतूचं स्वतःचं कॅट-जी नावाचं एन्झाइम तिला सक्रिय करतं, मग ती आयएनएच-ए या एन्झाइमला बंद पाडते आणि मायकोलिक आम्ल बनेनासं होतं. तिला चुकवण्याच्या मुख्य वाटा दोन. एकीत कॅट-जीच बिघडतं आणि औषध सक्रिय होत नाही. दुसरी वाट मला आजही थक्क करते. आयएनएच-एच्या जनुकाला बहुतेक वेळा धक्काही लागलेला नसतो. त्याच्या आधीच्या प्रोमोटरमध्ये, म्हणजे जनुक किती चालावं हे ठरवणाऱ्या भागात, उणे पंधराव्या जागी, डीएनएच्या सी या अक्षराऐवजी टी आलेला असतो. फक्त एक अक्षर! तेवढ्याने एन्झाइम कितीतरी जास्त बनू लागतं. दहा पानांचा स्वयंपाक आणि पंगतीला पन्नास माणसं, तशी नेहमीच्या डोसची गत होते.

लाइन प्रोब ही जंतूच्या जनुकांतले असे बदल रेघांनी दाखवणारी चाचणी. तिच्या पट्टीवर हे डोळ्यांनी दिसतं. आयएनएच-एच्या भागात मूळ प्रकाराची रेघ पुसट किंवा गायब असते आणि खाली एमयूटी-१ची, म्हणजे या बदलाची, रेघ ठळक उमटते. या दोन वाटांतला फरक उपचारासाठी मोलाचा आहे. प्रोमोटरमधला बदल एकटा असेल तर प्रतिकार सहसा सौम्य असतो, आयसोनियाझिडच्या वाढीव डोसाचा उपयोग होऊ शकतो. पण इथिओनामाइड हे टीबीचं दुसरं औषधही याच एन्झाइमवर काम करत असल्याने तेही लंगडं पडतं. कॅट-जीत बदल असेल तर प्रतिकार बहुधा तीव्र असतो. डॉक्टरांना हे माहीत असतं. रुग्णाला मात्र 'रेझिस्टन्स आहे' एवढंच सांगून वाटेला लावलं जातं, आणि तो भीतीने अर्धा होतो.

आता माझी खरी तळमळ. सीबीनॅट असो की गोव्याच्या कंपनीची ट्रूनॅट, जंतूचे जनुक तपासणाऱ्या या नेहमीच्या जलद चाचणीत टीबी आहे का आणि जंतू रिफाम्पिसिन या टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाला दाद देतो का, एवढंच कळतं. आयसोनियाझिडबद्दल ती काहीच सांगत नाही. त्या मुलीच्या आईच्या हातात 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नाही' असा कागद होता आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून ती माउली पेढे वाटायच्या बेतात होती. लाइन प्रोबचा निकाल नंतर आला, तोही घरच्यांनी पाठपुरावा केला म्हणून. सीबीनॅटचा कागद मिळाला की 'लाइन प्रोबला नमुना गेला का, निकाल कधी येईल?' हे रुग्णाने विचारायलाच हवं. आपण हे प्रश्न चौकटीत छापावेत, ही आग्रहाची विनंती.

घरातल्या इतरांचाही प्रश्न लाइन प्रोबच्या रिपोर्टवरच्या आयसोनियाझिडच्या ओळीत अडकलेला आहे. टीबीच्या रुग्णाच्या घरच्यांना आजार होऊ नये म्हणून सहा महिने आयसोनियाझिडच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. रुग्णाचा जंतूच आयसोनियाझिडला जुमानत नसेल, तर त्या गोळ्यांवर विसंबणं धोक्याचं आहे. अशा वेळी चार महिने रिफाम्पिसिन देण्याचा पर्याय राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. तेव्हा घरच्यांच्या प्रतिबंधक गोळ्यांसाठी जाताना रुग्णाचा लाइन प्रोबचा रिपोर्ट सोबत न्यावा आणि डॉक्टरांपुढे ठेवावा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मिरज