घर खांबांवर चढेल; पाणी, मैला, वीज कोण पाहणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूररेषेत राहणाऱ्यांना खांबांवरची घरे बांधून द्यावीत, ही सूचना दर पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापुरात नव्याने होते. हल्ली तिला उत्तर कॅनडातील नुनावुतच्या सरकारी वसाहतींचा दाखला जोडला जातो. उणे चाळीस अंशांत तिथले सरकार लोखंडी खांबांवर घरे देते, मग आपल्याला एवढे का जमू नये, असा सवाल असतो. आम्ही स्थापत्य अभियंते, पाया आणि पाणीपुरवठा ही आमची रोजची कामे आहेत. दाखला चांगला आहे, पण तो अर्धाच वाचला जातो, म्हणून हे पत्र.

मुळात ते खांब पाण्यासाठी नाहीत. तिथली जमीन बारमाही गोठलेली असते, उन्हाळ्यात वरचा अर्धा ते दोन मीटरचा थर तेवढा विरघळतो. घरात वीस अंश ऊब ठेवून घर थेट जमिनीवर टेकवले, तर ती ऊब खाली उतरते, मातीतला बर्फ वितळतो आणि पाया एका अंगाने खचतो. म्हणून घर उचलायचे आणि खालून वारा खेळता ठेवायचा, जमीन गारच राहिली पाहिजे. खडक हाती लागला तर पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारा लोखंडी पाइपाचा खांब, खडकात रोवतात. नाही लागला तर पाइपपेक्षा मोठे भोक पाडून पाइप उभा करतात आणि भोवती वाळू-पाण्याचे कालवण भरतात. ते गोठले की पकड बसते. पकड बसायच्या आत वजन टाकले की पाइल ढिला पडलाच. वरच्या थराचा त्रास उलटा असतो. हिवाळ्यात तो गोठताना फुगतो आणि पाइलला वर खेचतो, म्हणून तेवढ्या उंचीत ग्रीस लावून प्लास्टिकचे वेष्टण घालतात. काही घरे खडीच्या भरावावर स्क्रू-जॅकवर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणाऱ्या टेकूंवर बसवलेली असतात, ती ठरावीक मुदतीने लेव्हल करावी लागतात.

एवढे करून घर बिघडते ते बारीकसारीक कारणांनी. कुणी घराखालच्या मोकळ्या जागेला प्लायवूड ठोकून अडगळ भरतो आणि वारा थांबतो. टँकर रिकामा करताना पाणी सांडते, ते खाली साचते आणि जमिनीत उष्णता नेते. आधी दार चौकटीत अडकू लागते, मग भिंतीच्या बोर्डांना तिरप्या भेगा जातात, शेवटी मैल्याच्या पाइपाचा जोड सुटतो. दार रंधायला सुतार लगेच बोलावला जातो, खाली वाकून जॅक मात्र कुणी पाहत नाही. ही तऱ्हा आपल्याकडेही अनोळखी नाही.

पंचगंगाकाठच्या काळ्या मातीचे दुखणे निराळे आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पुराच्या ओघात खांबाभोवतीची माती खरवडून जाते. इथे बुडाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल लागतील आणि जोत्याचा बीम मातीला न टेकवता खाली पोकळी सोडावी लागेल. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. अवघड पुढचे आहे.

नुनावुत १ एप्रिल १९९९ रोजी नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधून वेगळे झाले. मुलूख महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा, वस्ती २०२१ च्या जनगणनेत ३६,८५८. पंचवीस गावे, आणि एकाही गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही. वीज प्रत्येक गावाच्या स्वतंत्र डिझेल केंद्रावर चालते आणि वर्षाचे इंधन उन्हाळ्यात जहाजाने येते. सिमेंट, प्लायवूड, खिडक्या, सगळे जुलै ते ऑक्टोबरच्या जहाजांनी. बहुतेक गावांना धक्का नसल्याने माल बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या नावेतून, भरतीच्या वेळी किनाऱ्यावर उतरतो. यादीतून बोल्टांची एक पेटी राहिली, तर ती विमानाने तरी आणायची, नाहीतर काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकायचे.

बहुतेक गावांत नळाची वाहिनीही नसते. घरातच पाण्याची टाकी आणि तिच्याहून मोठी मैल्याची टाकी असते. एक ट्रक पाणी भरतो, दुसरा मैला उपसतो. मैल्याची टाकी भरली की तिच्यातला तरंगता फ्लोट स्विच पाण्याचा पंप बंद करतो, म्हणजे पाणी असूनही नळ कोरडा. हिमवादळात ट्रक दोन दिवस फिरकला नाही, तर घर दोन्हीकडून अडते. त्यात दाटी. नुनावुतमधील निम्म्याहून अधिक इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, गर्दीच्या घरांत राहतात. १,२०० लिटरची टाकी चौघांना माणशी शंभर लिटरने तीन दिवस पुरते, तीच दहा जणांना सव्वा दिवसात संपते. दहा जणांच्या श्वासाची, आंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफ हवापालटाच्या यंत्रात जाऊन गोठते. फिल्टर तुंबतो, गार झोत लागतो म्हणून कुणीतरी यंत्रच बंद करतो, आणि बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटामागे बुरशी धरते. दोष घराच्या नकाशात नसतो. चौघांच्या हिशेबाने टाकी, यंत्र आणि ट्रकच्या फेऱ्या ठरल्या, राहायला दहा आले.

आता पैशाचे. सरकारी घराचे भाडे उत्पन्नावर ठरते, किमान महिना ६० कॅनेडियन डॉलर. एका घराची ऊब, वीज, पाणी, मैला आणि दुरुस्ती मिळून वर्षाचा खर्च २० हजार डॉलरच्या वर जातो. मधली तूट नुनावुत हाउसिंग कॉर्पोरेशन, म्हणजे सरकार भरते. कॅनडाच्या केंद्र सरकारने १९९३ मध्ये नव्या सरकारी घरांचा निधी थांबवला, जुन्या घरांसाठीचा केंद्रीय हिस्साही टप्प्याटप्प्याने घटत २०३७ च्या सुमारास संपणार आहे. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने २०३० पर्यंत तीन हजार घरांचा संकल्प सोडला. यातल्या प्रत्येक घराला भराव घातलेला भूखंड हवा, डिझेल केंद्रात शिल्लक क्षमता हवी, ट्रकची फेरी हवी, मैला तलावात जागा हवी. राजधानी इकॅलुइटमध्ये जेराल्डिन तलावाचेच पाणी पुरेनासे झाले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात इंधन उतरले आणि ते न पिण्याचा आदेश १० डिसेंबरपर्यंत कायम राहिला. नव्या साठ्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये २१ कोटी ४० लाख डॉलर मंजूर केले. घरांच्या घोषणेशेजारी हे आकडे सहसा छापले जात नाहीत.

खनिजांतून हे भागेल, अशी आशा तिथे आहे. १८ जानेवारी २०२४ च्या करारानुसार जमीन आणि खनिजांचा कारभार १ एप्रिल २०२७ पर्यंत नुनावुतकडे यायचा आहे. शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजला तो २०१४ मध्येच मिळाला, पण खनिज महसुलातल्या त्यांच्या हिश्शाला मर्यादा आहे आणि तिथल्या हिऱ्यांच्या खाणींचे आयुष्य आता संपत आले आहे. तिथल्याच इन्यूविक गावाने १९९९ पासून जवळच्या विहिरींतल्या गॅसवर घरे तापवली. २०१२ पर्यंत त्या विहिरी हातच्या गेल्या आणि गाव महागड्या आणलेल्या गॅसवर आले. आपल्या जिल्ह्यातही बॉक्साइटच्या रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रक्कम जमा होते. तिच्यातून एकदाच करायची कामे करावीत. पंपाचे वीजबिल त्यावर टाकू नये.

कोल्हापूरचा हिशेब मांडून पाहावा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोन्ही वेळी उपसा केंद्रे पाण्यात गेली आणि ज्यांच्या उंबऱ्याला पूर शिवलाही नव्हता त्यांच्याही घरचे नळ कोरडे पडले. पूरपट्ट्यातली वीज सुरक्षेसाठी तोडावीच लागते. ड्रेनेज उलटे येते, शोषखड्डा भरून वाहतो. अशा वेळी खांबांवरच्या घरात कुटुंबाने आठवडाभर राहायचे ते कशाच्या बळावर? आणि चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या माणसाचे अर्धे घर गोठ्यात असते. म्हैस जिना चढत नाही. १९८९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीकरांना सोनतळीला भूखंड मिळूनही बरीच कुटुंबे जुन्या गावातच राहिली, त्यात शेत आणि जनावरे जवळ हवीत हे एक कारण होतेच.

घरकुलाचे अनुदान भिंत आणि छपरापुरते असते. हप्ता जोत्याच्या, छपराच्या फोटोवर सुटतो. वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप, पूररेषेच्या वर बसवलेला वीजमीटर, मैल्याच्या वाहिनीवरचा एकदिशा व्हॉल्व्ह आणि तो दर मे महिन्यात उघडून साफ करणारा माणूस, यांचा फोटो कुणी मागत नाही.

आमची मागणी एका पानाची आहे. पूरपट्ट्यातील कोणत्याही घर योजनेच्या अंदाजपत्रकाला एक तक्ता जोडावा. त्यात पाणी, मैला, वीज आणि पायाची तपासणी यांचा प्रतिघर वार्षिक खर्च असावा, तो कुटुंब, ग्रामपंचायत वा महापालिका यांपैकी कोण उचलणार आणि कोणत्या लेखाशीर्षातून, हे लिहिलेले असावे. माणसे मंजूर नकाशापेक्षा दुप्पट राहतील असे धरून टाक्यांची मापे काढावीत. पूर आठ दिवस राहिला तर पाणी कुठून येणार आणि जनावरे कुठे जाणार, याच्या दोन ओळी असाव्यात. हे पान नसेल तर प्रस्तावाला तांत्रिक मंजुरी देऊ नये.

आपले,
काही स्थापत्य अभियंते, कोल्हापूर