तुमची कामं परत करते आहे

पणजी,
श्रावणातला दुसरा रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर बोलून झालं असतं. पण फोनवर बाबा "म्हाका कितें जालां?" म्हणतात आणि आईकडे देतात. आई "हांव बरी आसां गो" म्हणते आणि मी जेवले का ते विचारते. तिथं बोलणं संपतं. म्हणून पत्र लिहायला बसले. घरात कोंकणी आणि कागदावर मराठी ही सवय बाबांचीच. मी होस्टेलवर असताना दर पंधरवड्याला यायची ती निळी आंतर्देशीय पत्रं अजून माझ्या कपाटात आहेत.

आधी माफी मागते, मग बाकीचं.

गेल्या वर्षी आषाढात बाबा कुळागरात, आपल्या सुपारीच्या बागेत, उतरताना चिऱ्याच्या पायरीवरून घसरले. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मनगट भरून आलं, पण दादाचा आणि माझा धीर तेव्हा सुटला तो सुटलाच. त्याने पुण्यातून खुर्च्या, धरायचे बार, चटया मागवायचा सपाटा लावला आणि मी पणजीतून हुकूम सोडायला लागले. कुळागर दुसऱ्याच्या हाती दिलं. पाटाचं पाणी वळवणं, पडलेली चुडतं ओढून आणणं, सुपारी वेचणं, सगळं बंद. आईला कामाला बाई लावली. आदोळी, म्हणजे आईची नारळ खोवायची विळी, माळ्यावर गेली, किसलेल्या खोबऱ्याच्या पिशव्या फ्रीजरमध्ये आल्या. पाटावर बसून जेवणारं घर टेबलावर जेवू लागलं. प्लास्टर काढताना डॉक्टरही म्हणाले होते, "आता या वयात आराम करा." आम्हाला तेवढंच ऐकायचं होतं.

आम्ही एवढे का घाबरलो ते तुम्हाला माहीत आहे. आजी. मी कॉलेजला असताना ती न्हाणीत पडली, मांडीचं हाड मोडलं आणि तीन महिन्यांत गेली. आपण सगळे आजवर म्हणत आलो की आजी पडली म्हणून गेली. आता मला वाटतं, ती झोपवून ठेवली म्हणूनही गेली. बाबा, आकडा दिल्याशिवाय तुम्हा मास्तरांना पटत नाही, म्हणून देते. अमेरिकेत काही निरोगी माणसांना, सरासरी वय 67, नुसतं 10 दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं जवळजवळ किलोभर मांस झडलं. आजी तीन महिने पडून होती, आणि आपण तिला कूस बदलायलाही स्वतःहून देत नव्हतो.

या आषाढाच्या शेवटी घरी आले तेव्हा बाबा खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकून, एकदा मागे झुलून, मग उठत होते. आई माजघरातून सोप्यावर येताना भिंत धरत होती. वर्षापूर्वी हे नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी मी खेळ म्हणून तुम्हाला खुर्चीत बसवलं, हात छातीवर दुमडायला लावले आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता ते मोजलं, आठवतं? तो खेळ नव्हता. इथल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने मला ती चाचणी शिकवली होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्या पुरुषाने निदान 11 वेळा उठावं, सत्तरी ओलांडलेल्या बाईने 10 वेळा. त्याखाली गेलं की पडण्याचा धोका वाढला असं धरतात. बाबा 8, आई 9. तुमच्या नातीने 24 केले आणि आरशात बघून आली. मी 14 करून धापा टाकत बसले, तेव्हा बाबा सगळ्यात जास्त हसले.

परत येताना म्हार्दोळपर्यंत मी गाडीत एक शब्द बोलले नाही. तुम्ही म्हातारे झालात याचं दुःख होतंच, पण त्यातला एका वर्षाचा हिस्सा आम्ही दोघांनी मिळून केलेला होता.

माझंही सांगते, म्हणजे मी वरच्या पायरीवरून बोलते आहे असं वाटायला नको. ऑफिसात आरोग्य शिबिर झालं, त्यात माझं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. मी एकटी नाही. आयसीएमआरची देशभराची पाहणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, 26.4 टक्के, देशाचं 11.4. चार मोठ्या माणसांत एक. आमच्या टेबलांच्या रांगेत मोजलं तर हिशेब तंतोतंत जुळतो. दिवसभर खुर्ची, चारला चहाबरोबर भजी, घरी यायला गाडी, घरी आल्यावर सोफा. लहानपणी शाळेत चालत जायचे, विहिरीवरून कळशी आणायचे, जांभळासाठी झाडावर चढून तुमचा मार खायचे. ती माझी पुंजी. हाडांची भरती साधारण तिशीपर्यंतच होते, पुढे फक्त काढत राहायचं, आणि पाळी जायच्या सुमाराला बायकांच्या खात्यातून ते भराभर जातं. मी त्याच दारात उभी आहे. नातीची भरती अजून चालू आहे, पण ती ट्यूशन आणि मोबाइल यांच्यात वाटली गेली आहे. तिच्या वयाला रोज तासभर धावपळ लागते. तिची धावपळ चार्जरपर्यंत. तिला मी फुटबॉलला घातलं आहे. कुरकुरते, पण जाते.

मी आठवड्यातून चार दिवस मिरामारला चालते आणि दोन दिवस त्या फिजिओ मुलीकडे वजनं उचलते. हो आई, वजनं. हसू नकोस. चालण्याने साखर आणि काळीज सांभाळलं जातं, पण मांड्यांची ताकद नुसत्या चालण्याने राहत नाही हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. आणि तुमच्या वयाला तर तीच आधी लागते, कारण न्हाणीतून उठणं, बसची पायरी चढणं, ठेच लागल्यावर स्वतःला सावरणं, हे सगळं मांड्यांवर आहे. ती परतही येते. 1990 साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं होतं. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीतली माणसं, बाबा. तुम्ही त्यांच्यापुढे तरणाटे.

म्हणून तुमची कामं परत करते आहे. दादाशी भांडून झालं आहे, तो तयार आहे.

बाबा, कुळागर तुमचं. फक्त माझ्या चार अटी आहेत. पायऱ्यांवरचं शेवाळ आधी खरवडून घ्यायचं. पावसाच्या सरीत उतरायचं नाही. मोबाइल देव्हाऱ्यासमोर न ठेवता खिशात ठेवायचा. आणि तो दुहेरी भिंगाचा चष्मा घालून पायरी उतरायची नाही. हे मला आधी सुचलंच नाही. खालच्या, वाचायच्या भिंगातून पाहिलं की पायरी धूसर होते आणि तिचा अंदाज चुकतो. त्या दिवशी तुमच्या नाकावर तोच चष्मा होता. फोंड्याला जाऊन नुसत्या लांबच्या नंबरचा एक वेगळा करून घ्या, कुळागरासाठी. पैशांचा विषय काढू नका. रात्री उठताना मात्र आधी मिनिटभर खाटेच्या कडेवर बसा. प्रेशरच्या गोळीवर एकदम उठलं की घेरी येते.

आई, तुझी आदोळी माळ्यावरून उतरवायला मी शनिवारी येते. पण तुझे गुडघे दुखतात, त्यामुळे लगेच जमिनीवर बसू नकोस. आधी खुर्ची. सकाळी पेजेच्या आधी आणि दिवेलागणीच्या आधी, हात न टेकता दहा वेळा उठ-बस. खुर्ची भिंतीला लावून, बाबा समोर उभे. मग तुळशीवृंदावन धरून टाचा उचलायच्या, तेवढ्याच वेळा. वापरल्याने गुडघा झिजेल ही तुझी भीती मलाही होती. पण मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो आणि दुखणंही कमी होतं. सुजला असेल तर त्या दिवशी सुट्टी. महिन्याभराने स्टुलावर, मग उंच पाटावर, मग आदोळीवर. साठीपर्यंत तू धालोच्या नाचात रात्रभर मांडावर असायचीस, फुगडीत तुझा हात सुटला नाही कधी. ती सगळी कसरतच होती, पण तिला कोणी कसरत म्हटलं नाही म्हणून थांबली तेव्हा कोणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

जेवणाबद्दल तुझ्याशी वाद घालणं म्हणजे अनंताच्या देवळातल्या पुजाऱ्याला मंत्र शिकवणं, तरी थोडं बोलते. श्रावण लागला की तुमचं नुस्तं, म्हणजे मासे, बंद, सोमवारी तुझा उपास, आणि बाकीचे दिवस सकाळी उकड्या तांदळाची पेज, बरोबर तोर, ती मिठातली कैरी. पेज मलाही आवडते, पण तिच्यात स्नायूला लागणारं फार थोडं. उतारवयात प्रथिनं वजनाच्या किलोमागे 1 ग्रॅम तरी, जमलं तर 1.2 पर्यंत लागतात. तू 52 किलोची, म्हणजे निदान 52 ग्रॅम. अळसांद्यांचं तोंडाक (कडधान्याची आमटी), मुगांगाठी, दोन वेळा दूध किंवा ताक, हे उपास नसेल तेव्हा रोज हवंच, आणि थोडं थोडं तिन्ही वेळांना वाटून. श्रावण संपला की तारले आणि बांगडे आहेतच. त्या बाबतीत मला काही सांगावं लागत नाही. बाबांच्या किडनीचा रिपोर्ट मात्र पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवून मगच त्यांचं प्रमाण वाढवू.

आता बाबांसाठी कटू भाग. दिवसाला मीठ 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, आणि त्यात सगळं आलं. तुमच्या ताटात तोर, मिस्कूट (कैरीचं लोणचं), पापड आणि आषाढात सुके बांगडे. पुरुमेंताची, पावसाळ्याच्या साठवणीची, बरणी म्हणजे मिठाचीच बरणी. बंद करा म्हणत नाही, ते तुम्ही करणारही नाही. एका जेवणाला यातला एकच प्रकार, आणि तोर पाण्यात घालून ठेवलेली. आईने लक्ष ठेवावं. आई, तू त्यांना चोरून देतेस हे मला ठाऊक आहे.

कानाचं मशीन, आईचा मोतीबिंदू, दातांची कवळी, यावर घरी येऊन बोलेन. पत्रात लिहिलं तर बाबा ते पान वाचणार नाहीत.

चवथ आली. गेल्या वर्षी गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी बाजारातून बांधून आणली, आणि बाबा तिच्याखाली बसून गप्प होते. कांगलां नाहीत, कवंडळ नाही, तोरिंग सुकलेलं. कोणी काही बोललं नाही. यंदा तृतीयेच्या आधीच्या रविवारी दादा पुण्याहून येतो आहे. सकाळी आठला, ऊन असेल तर, तुम्ही, तो, मी आणि नात असे चौघे डोंगरावर जाऊ. कुठल्या झाडाला काय लागतं ते तुम्ही सांगायचं, काढायचं आम्ही. सुपारीचं शिपटं तेवढं कुळागरातलंच, तुमच्या हाताने निवडलेलं. काठी घ्यायची. काठी घेतली तर कोणी म्हातारा म्हणणार नाही, आणि म्हटलं तर म्हणू दे.

आई, पंचमीला संध्याकाळी बायका फुगडीला जमतील. पहिला फेर तू धर, उभ्याने, हळू. मी तुझ्या डाव्या हाताला.

शनिवारी साडेअकराच्या सुमाराला पोचेन. जेवायला काही खास करू नकोस, तोंडाक कर.

तुमची,
बाय

ता. क. दोघांचे उठ-बशीचे आकडे रोज दिनदर्शिकेवर तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. बाबा, आईचे आकडे आईला लिहू द्या. आणि तुमचे पण आईलाच.